पाच किलो सांबार

"रविवारचा कार्यक्रम होऊ द्या. मंग मी चालली आर्वीले. तुम्हाले यायचं असन तं या, नसन तं राहा."

विमलाबाई देवतळ्यांनी नवऱ्याला हे सांगितलं ते वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करता करता, आवाज जराही न चढवता. वैजनाथरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"तिथं कोन हाये?"

"घर हाये."

"घराले कुलूप हाये."

"किल्ली माह्याजवळ हाये," विमलाबाई म्हणाल्या आणि मुलाच्या शर्टाची त्यांनी अशी दाबून घडी केली की इस्त्रीची गरज राहिली नाही.

मुलगा योगेश खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दिवाळीत तो आर्वीला आला आणि जाताना आईवडिलांना घेऊनच गेला. सातव्या मजल्यावरचं घर प्रशस्त होतं. सून श्रद्धा अमरावतीची, मनमोकळी. तक्रारीला जागा नव्हती, हीच तक्रार होती. भाजी मोबाइलवरून दारात येई, पोळ्यांना बाई येई, भांडी यंत्र घाशी. आर्वीला थंडीत विमलाबाईंच्या हातच्या सांबारवड्यांसाठी निम्मी आळी आपापले डबे आधीच आणून ठेवायची. इथल्या चार इमारतींत निम्म्या देशातली माणसं राहत होती, पण विमलाबाईंना ओळखणारं त्यांत कुणी नव्हतं.

वैजनाथरावांचं बरं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसानं आठवड्याभरात बागेतल्या बाकावर एक पंजाबी सुभेदार आणि एक कानपूरचे बँकवाले जमवले होते. त्यांची हिंदी ऐकून सुभेदार हसत, मग तेही हसत. विमलाबाईंना ते जमलं नाही. आल्या आल्याच एकदा लिफ्टमध्ये त्या एका तरुणाला "सातवा दाबजो बाप्पा" म्हणाल्या. त्यानं बटण दाबलं. पण मित्रांबरोबर बाहेर पडताना "दाबजो, दाबजो" म्हणत तो खिदळला. तेव्हापासून विमलाबाई बटण स्वतः दाबत आणि तोंड बंद ठेवत.

मग सोसायटीचा वर्धापनदिन आला. प्रत्येकानं आपापल्या गावाकडचा पदार्थ क्लब हाउसमध्ये मांडायचा होता. श्रद्धानं सासूला न विचारता नाव दिलं. विमलाबाई आधी रागावल्या, आणि मग दिवसभर विचार करून तयार झाल्या. जायचं तर होतंच. पण सातव्या मजल्यावर कोण राहत होतं हे जाण्याआधी एकदा या लोकांना कळायला हवं होतं. आणि वड्यांचं कौतुक झालं, तर... त्यापुढचा विचार त्यांनी नवऱ्यालाही सांगितला नव्हता.

कार्यक्रमाची व्यवस्था पद्मजा गानू यांच्याकडे होती. शनिवार पेठेत जन्म, नारायण पेठेतल्या शाळेत मराठी शिकवण्यात नोकरी, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाखातर खराडी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'मी तुझी मदत करते' असं लिहिलं, तर 'तुला मदत करते' अशी दुरुस्ती त्यांच्याकडून येई. कार्यक्रमाचं सगळं सामान एकत्र मागवायचं, कुणी परस्पर काही आणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. शनिवारी त्यांचा फोन आला.

"विमलाबाई, मी पद्मजा गानू. पीठ आणि तेल सोसायटीचं आहे. भाज्या उद्या सकाळी मांजरीच्या बाजारातून टेम्पोनं येतील. आपल्याला काय काय लागेल?"

"मले बस सांबार पाह्यजे."

"सांबार आपण करणार नाही?"

विमलाबाईंना प्रश्न चमत्कारिक वाटला. आर्वीच्या परसात त्या दर थंडीत सांबार करत, तो भाग वेगळा. "इथं कुठं करू जी? जागा तं पाह्यजे."

"तेही खरंच. किती हवं?"

"पाच किलो तं लागनच."

"किलो?"

"हो, आमच्याकडं किलोनंच घेतात. अन् ताजा पाह्यजे. शिळा नको."

"शिळं सांबार मी कुणालाही देत नाही," पद्मजाताई म्हणाल्या. "सकाळी मिळेल. आणखी?"

"आणखी काई नाई. मसाला माह्याजवळ हाये."

दोघींनीही समाधानानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी विमलाबाई क्लब हाउसमध्ये पोहोचल्या तेव्हा टेम्पो येऊन गेला होता. सुभेदारांच्या घरच्यांनी छोल्यांचा कांदा चिरायला घेतला होता. विमलाबाईंनी बेसन भिजवलं, खोबरं, खसखस आणि चारोळी भाजून बाजूला ठेवली, आणि सांबाराची वाट पाहू लागल्या. त्यांच्या टेबलावर वळणदार अक्षरात पाटी होती. चष्मा घरी राहिल्यामुळे ती त्यांनी वाचली नाही.

थोड्या वेळानं दार उघडलं. सुरक्षारक्षक एक ढकलगाडी घेऊन आत आला. गाडीवर झाकण बांधलेलं भलंमोठं पातेलं होतं आणि पातेल्याला धरून पाचव्या मजल्यावरच्या अलमेलू चालत होत्या. मदुराईच्या या बाईंशी विमलाबाई आजवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"आपका सांबार!" अलमेलू घाम पुसत म्हणाल्या. "सुबह पाँच बजे उठी. एकदम फ्रेश."

विमलाबाईंनी झाकण उचललं. वाफ आली. आत शेवग्याच्या शेंगा तरंगत होत्या.

"हे काय व्हय?"

"सांबार," अलमेलू म्हणाल्या.

"माय वं! अन् माहा सांबार?"

"यही है ना आपका सांबार."

एवढ्यात हातात कागद घेऊन पद्मजाताई आल्या. "आलं का? उत्तम. यादीतली 'सांबारवडी' मी 'वडा-सांबार' अशी दुरुस्त केली आणि अलमेलूंना विनंती केली. म्हटलं, वड्याबरोबरचं सांबार त्यांच्या हातचंच हवं."

"वडा नाई जी, वडी. सांबारवडी. त्याच्यात भराले सांबार पाह्यजे," विमलाबाई म्हणाल्या.

"वडीत सांबार भरणार? सांडेल ना!"

विमलाबाई ताडकन उठल्या, छोल्यांच्या टेबलावर गेल्या आणि तिथून कोथिंबिरीची एक काडी उचलून आणून त्यांनी ती पद्मजाताईंच्या समोर धरली. "हा सांबार!"

पद्मजाताईंनी काडीकडे पाहिलं. मग विमलाबाईंकडे. "ही कोथिंबीर आहे."

"तेच तं."

"कोथिंबिरीला सांबार? हे कोणत्या भाषेत?"

"मराठीत."

पाचदहा माणसं जमली होती. त्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. पद्मजाताईंनी त्या दिशेला एक दृष्टिक्षेप टाकला आणि हसू थांबलं. "बरं. कोथिंबिरीला सांबार म्हणता, मग सांबाराला काय म्हणता?"

"सांबारच."

"आणि घोटाळा होत नाही?"

"आमच्याकडं आजवर नाई झाला," विमलाबाई म्हणाल्या. "इथंच पह्यल्यांदा झाला."

श्रद्धा धावत आली. काय झालं ते कळताच तिनं मोबाइल काढला. "आई, दहा मिनिटांत मागवते." पण ॲपवर बोटाएवढी दोन पाकिटं मिळाली आणि पुढं 'शिल्लक नाही' असं आलं. छोल्यांच्या टेबलावरची उरलेली कोथिंबीर केव्हाच चिरली गेली होती. पाहुणे बाराला येणार होते.

विमलाबाईंनी पदराला हात पुसले. भिजवलेल्या बेसनावर ताट झाकलं. "जाऊ दे वं श्रद्धा. नाई जमत आपल्याले इथं. मी घरी जातो."

"घरी म्हणजे वर?" श्रद्धानं विचारलं.

"आर्वीले."

अलमेलूंना 'आर्वी' कळलं नाही, पण चेहरा कळला. त्यांनी ती काडी हातात घेऊन नाकाजवळ नेली. "ये चाहिए था? कोत्तमल्ली? ये तो मेरे फ्रिज में है." आणि त्या निघाल्यादेखील.

पद्मजाताई जागच्या जागी उभ्या होत्या. चूक कुणाची याचा त्यांनी मनाशी हिशेब केला असावा. उत्तर आवडलं नसलं तरी ते त्यांना बरोबर आलं, असं पुढच्या घटनांवरून म्हणता येतं. त्यांनी मोबाइल काढून, एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत, ग्रुपवर लिहिलं: 'ज्यांच्या फ्रिजमध्ये कोथिंबीर आहे, त्यांनी ती तातडीने क्लब हाउसमध्ये आणावी. पिवळी पडलेली आणून उपकार करू नयेत.'

लगेच उत्तर आलं, 'मॅडम, हिंदी में प्लीज?' एरवी अशा प्रश्नाला त्या व्याकरणाच्या पुस्तकाचं नाव कळवत. आज त्यांनी दोनच शब्द टाकले. 'धनिया लाओ.'

आणि कोथिंबीर येऊ लागली. अलमेलूंनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली आणली. बँकवाल्यांच्या सुनेनं डब्यातली, खाली टिश्यू पेपर घातलेली. एक बंगाली बाई "धोनेपाता, धोनेपाता" करत आल्या. कुणी गुजराती आजोबांनी मुळासकट जुडी आणली, वर मातीही होती. वैजनाथराव आपल्या बाकावरच्या दोस्तांना घेऊन इमारतीमागून इमारत घंट्या वाजवत फिरले आणि हात भरून परतले. लिफ्टमधला तो तरुणही आला. त्याच्या हातात कॉफीचा मग होता आणि मगात फुलांसारखी लावलेली कोथिंबीर.

"आंटी, कुठं ठेवू?"

"ठेवजो तिथं," विमलाबाई म्हणून गेल्या, आणि थबकल्या.

तो हसला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "देठ तोडायचे की ठेवायचे?"

"कवळे असले तं ठेवजो. जाड तेवढे काहाडजो."

हळूहळू जमिनीवर चादर आली, चादरीभोवती माणसं आली. विमलाबाई मधोमध बसल्या. आलेल्या प्रत्येक जुडीची तपासणी होत होती. पद्मजाताईंनी स्वतःच्या घरची आणून दिली, तेव्हा विमलाबाईंनी ती उजेडात धरली.

"हा पिवळा हाये, ताई."

"पिवळा नाही. उजेडामुळे दिसतो."

"उपकार नोका करू," विमलाबाई म्हणाल्या, आणि ग्रुपवरचा संदेश वाचलेले सगळे खदखदून हसले. पद्मजाताईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्या खाली बसल्या आणि आपलीच जुडी मुकाट्यानं निवडू लागल्या.

दिवाळीपासून साठलेलं बोलणं विमलाबाईंच्या तोंडून बाहेर पडत होतं. पारी कशी लाटायची, तिला आतून चिंच-गुळाचं पाणी का लावायचं, पुडा कसा दुमडायचा, तळताना घाई का करायची नाही. अर्धं लोकांना कळत होतं, अर्धं हातांकडं पाहून समजत होतं. पहिला घाणा कढईतून निघाला तेव्हा खोबऱ्याचा आणि कोथिंबिरीचा वास थेट पोहण्याच्या तलावापर्यंत गेला असं सुभेदारांनी सांगितलं.

एकच अडचण उरली. सांबारवडीला ताकाची कढी लागते आणि या धावपळीत ती करायची राहून गेली होती. कोरड्या वड्या वाढायच्या कशा, असं विमलाबाई म्हणत होत्या, तेवढ्यात अलमेलूंनी एका वाटीत वडी कुस्करली, वर आपलं सांबार ओतलं आणि ती त्यांच्यापुढे धरली.

"पागल झाली का बाई," विमलाबाई पुटपुटल्या, पण त्यांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला.

"इमली ज्यादा लगता है," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या.

"मेरे घर में बोलते हैं कम है," अलमेलू म्हणाल्या.

"लेकिन बुरा नही हाये."

पद्मजाताईंनी टेबलावरची 'वडा-सांबार' ही पाटी काढून नेली आणि दुसरी लिहून आणली. 'सांबारवडी-सांबार. (पहिला सांबार म्हणजे कोथिंबीर. अधिक खुलासा विचारू नये.)' लोक आधी पाटीचा फोटो काढत, मग वडी खात, आणि मग पुन्हा रांगेत उभे राहत. पातेलं आणि परात, दोन्ही जवळपास एकाच वेळी रिकामी झाली. अलमेलूंनी कढई घासायला घेतली आणि बुधवारी आपल्या घरी येऊन हे शिकवायचं असं फर्मानच काढलं. बंगाली बाईंनी आपल्यालाही यायचंय असं सांगून टाकलं.

संध्याकाळी विमलाबाई पाय लांब करून सोफ्यावर बसल्या होत्या. वैजनाथरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारलं, "मंग? बॅगा काहाडू का आर्वीच्या?"

"पाय दुखून राह्यले माहे," विमलाबाई म्हणाल्या. "बुधवार होऊ द्या."

बुधवार झाला. विमलाबाई अलमेलूंकडे जाऊन आल्या आणि येताना रसमपावडरचा डबा घेऊन आल्या. त्यानंतर बॅगांचा विषय वैजनाथरावांनी काढला नाही आणि विमलाबाईंनीही काढला नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी सुनेला भाजी मागवू नको म्हणून बजावलं आणि पिशवी घेऊन त्या खाली गेल्या. फाटकाबाहेर लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याचा टेम्पो उभा राहतो, ही माहिती त्यांना बंगाली बाईंनी दिली होती. गर्दीत शिरून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "सांबार कसा किलो, बाप्पा?"

टेम्पोवाल्यानं मान वर केली. "सांबार हाटेलात मिळतंय, मावशी. हितं निस्ती भाजी हाय."

विमलाबाई तोंड उघडणार, तोच रांगेत मागं उभ्या असलेल्या पद्मजाताई पुढं झुकल्या.

"अहो, त्यांना कोथिंबीर हवीय," त्या म्हणाल्या. "मराठी येत नाही का तुम्हाला?"