रेघेपुरतं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी सलाईनची बाटली आहे, काचेची. सलाईन संपल्यावर माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र सोलापुरातल्या एका दवाखान्यात प्रभा सिस्टरांनी उकळून घेतलं, पाणी भरलं आणि अंगावर चिकटपट्टीची रेघ मारली. १९७६ साल होतं. माझी बढतीच झाली म्हणा ना!

तिथे अपुऱ्या दिवसांची, मूठभर एक मुलगी होती. घशातली श्वासाची नळी त्याच सकाळी काढलेली. आता श्वास तिचा तिलाच घ्यायचा होता, पण फुप्फुसं मिटू नयेत म्हणून आधार हवा होता. तिच्या नाकाशी हवा येई आणि तिथूनच निघालेल्या दुसऱ्या नळीचं टोक माझ्या पाण्यात बुडलेलं असे. टोक जितकं खोल, तितका छातीत हवेचा दाब जास्त. मी आपली दिवसभर बुडबुडत राही.

मुलीची आजी शिवबाई सिद्धरामेश्वराचं तीर्थ घेऊन आली. बाळाच्या तोंडात थेंबही घालायचा नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं. आजीनं ते पाळलं. पण नळी बाळाकडे जाते हे पाहून तिनं तांब्यातलं तीर्थ माझ्यात ओतलं!

पाणी रेघेच्या दोन बोटं वर चढलं. मुलीची छाती फुगून राहिली, ओठ निळे पडले. मला ओरडता येत नव्हतं, याचं दुःख मला आजही आहे.

सिस्टर धावत आल्या. रेघ पाहताच त्यांनी नळी वर ओढली.

"आजी, यात काय घातलंत?"

"तीर्थ हाय की. लेकराच्या श्वासात देव नको व्हय?"

"देव हवाच. पण पाणी रेघेपुरतंच. जास्त झालं की तिला श्वास सोडता येत नाही."

आजीनं तांब्या दूर सारला. "माज्याच हातानं गेलं असतं की गं लेकरू!"

हळूहळू मुलीचे ओठ गुलाबी झाले. सिस्टर रागावल्या नाहीत. माझं पाणी बदलून त्यांनी आजीला माझ्यासमोर राखणीला बसवलं. तीन दिवस आजीची नजर रेघेवरून हलली नाही.

चौथ्या दिवशी माझी बुडबुड एकाएकी थांबली. आजी किंचाळली. पण डॉक्टरांनीच नळी काढली होती आणि मुलगी आपल्या दमानं रडत होती.

घरी निघताना आजीनं विभूती काढली. माझ्याजवळ आली, थबकली.

"सिस्टर, भायेरनं लावू का?"

मित्रांनो, माया खूप करा, पण लावण्याआधी असं एकदा विचारा. ती विभूती केव्हाच पुसली गेली. तो प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे.