उलटी फुंकर

आत.

कशेळीच्या पुलाआधी रिक्षा थांबली. पुढे कंटेनरची पाठ. बाजूला कंटेनर. मागे हॉर्न.

आत.

अय्यूब पुढे वाकून बसलाय, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. श्वास घेतोय. घेतलेल्याच्या वर आणखी घेतोय. शेजारी त्याची मुलगी रुकय्या. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दम्याचा पंप, पाण्याची बाटली आणि वाफेचं मशीन. दुपारी लाइट गेली आणि ते मशीन तोंडाला लावलेलं असतानाच बंद पडलं. तिने ते उचलून का आणलं, तिलाच माहीत नाही. रिक्षात प्लग कुठे असतो?

पंप मारून झालाय. डॉक्टर ठाण्याला, पुलाच्या पलीकडे.

"अब्बा, मॅडमनी शिकवलंय तसं करा. ओठांचा चंबू."

"कर... तोय."

"करताय कुठे?"

"कर... तोय ना."

आत.

मॅडम म्हणजे मनिषा. ठाण्याच्या त्या दवाखान्यात फुप्फुसाच्या पेशंटना व्यायाम शिकवते. तिचं सांगणं सरळ होतं. चाचा, तुम्हाला वाटतं हवा आत जात नाही. खरं तर आतली बाहेर निघत नाही. जुनी हवा साठून राहिली तर नवी जाणार कुठे? म्हणून नाकाने हळू घ्यायची, ओठांचा चंबू करायचा, आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहायचं. मेणबत्ती विझवायची नाही, नुसती ज्योत हलवायची.

रुकय्या वडप्याच्या एका गोदामात कामाला आहे. आधीचा माल निघाल्याशिवाय नवीन गाडी खाली होत नाही, हे तिला रोजचं. तिला लगेच कळलं. अय्यूबही मान हलवत म्हणाला, "समजलं मॅडम. बिलकुल समजलं."

"मग करून दाखवा."

तो लाजला. परक्या बाईसमोर, वर पोटच्या मुलीसमोर, ओठ पुढे काढायचे?

"घरी करतो."

"नक्की ना चाचा?"

"जबान दिली."

घरी तो रोज सकाळी दार लोटून, भिंतीकडे तोंड करून बसायचा. आणि दम वाढतच गेला. आधी जिन्यात लागायचा, मग मोरीपर्यंत जाताना लागायला लागला. काल रुकय्याने त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं.

"दार लावून तसबीहचे मणी फिरवत बसता, आणि आम्हाला सांगता एक्सरसाइज."

"अल्लाकसम करतो."

"मग फरक कुठाय?"

त्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. रात्री जेवलाही नव्हता.

आत.

"दीदी, उलट्या साइडनं घालू का?" रिक्षावाला कल्पेश, कोन गावचा. मान बाहेर काढून बघतोय.

"समोरून ट्रेलर येतोय, दिसत नाही?"

"दिसतो तं. इचारलं नुसतं." तो आरशात अय्यूबकडे बघतो. "चाचा, धीर सोडू नका. माझी वरात पन हितंच अडाकली व्हती. भटजी झोपला, नवरी झोपली, बँडवाला माझ्याकडनं च्याचं पैसं घेऊन गेला, तो आजून न्हाय आला."

अय्यूबचे खांदे हलतात. हसू येतंय, पण ते बाहेर पडायला वाट नाही. ते आतच खोकल्यात अडकतं.

"हसवू... नको... मेल्या."

"तू गप रे!" रुकय्या ओरडते. "त्यांना हसायला पण दम लागतो."

कल्पेश पुढे बघतो. हॉर्न.

आत. आत.

त्याची नखं. सकाळी अशी जांभळी नव्हती.

गळ्याच्या शिरा दोरासारख्या. मानेखालचा खळगा दर श्वासाला खोल जातोय. खांदे कानांना लागलेत, आणि खाली यायलाच तयार नाहीत.

रुकय्याने आयुष्यात कधी बापाची हनुवटी धरली नव्हती. आज धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. त्याने मान हिसडून भिंत शोधली. रिक्षात भिंत नव्हती.

"लाजू नका. माझ्याकडे बघून करा. करा चंबू."

त्याने केला. ओठ अगदी बरोबर, गोल, घट्ट. मॅडमने केले होते तसेच.

ओढणीचं टोक त्याच्या तोंडासमोर लोंबत होतं. ते तिच्याकडे उडायला हवं होतं. ते उलट गेलं आणि त्याच्या ओठांना चिकटलं. गाल आत गेले.

तो ओढत होता.

आत.

हे तोंड तिने पाहिलं होतं. लहानपणी त्याचा डबा घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं की हेच तोंड दिसायचं. लूमवर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्यातली दोऱ्याची कांडी संपली की नवी भरायची, दोऱ्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकापाशी धरायचं, भोकाला ओठ लावायचे आणि एक झटका आत ओढायचा. दोरा बाहेर येतो. कापसाचा भुरा आत जातो. दिवसभर. उभी हयात. कोणालाच त्यात काही वाटायचं नाही. चहा पितात, बिडी पितात, तसा धोटा पितात.

ओठांचा चंबू म्हणजे ओढायचं. त्या ओठांना दुसरं काही येतच नव्हतं.

म्हणजे तो रोज सकाळी दार लोटून, इमानाने, आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबत बसला होता. आणि तिने त्याला खोटारडा म्हटलं होतं.

"अब्बा, तुम्ही ओढताय! फुंका. बाहेर, बाहेर!"

चंबू. गाल आत.

"अब्बा, हा धोटा नाही!"

त्याचे डोळे मोठे झाले. त्याला कळलं. डोळ्यांना कळलं, ओठांना नाही. त्याने पुन्हा केलं आणि ओठांनी पुन्हा ओढलं. आता तो घाबरला आणि जास्त जोरात ओढायला लागला.

आत. आत. आत.

असं काय आहे जे आत ओढता ओढता करता येत नाही?

लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसालाही ऐकू यायचं नाही. तिथे शब्द चालत नव्हते. तिथे हाक चालायची.

"चंबू सोडून द्या. हाक मारा. कारखान्यात मारायचात तशी. समजा, तुमच्या बरोबरचे मुबश्शिरचाचा त्या टोकाला लूमवर उभे आहेत. मारा हाक."

"इ... थे?"

"इथेच. मारा!"

बाहेर

हू, एवढंच, फाटका, कोंबडीच्या पिल्लाएवढा आवाज, पण ओढणीचं टोक हललं, तिच्याकडे हललं, "आता नाकाने, हळू, तोंड बंद, हां, परत, चाचांना नाही ऐकू आलं," हूऊ, शेजारच्या बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर केली, कल्पेश पुढे बघतच म्हणाला "मी पन मारतो, चाचांना सोबत," आणि त्याने मारली, ती एवढी मोठी की कंटेनरवाल्याने खिडकीतून शिवी दिली, "नाकाने, अब्बा, आता त्याच्यापेक्षा लांब," हूऊऊ, खांदे कानांपासून बोटभर खाली आले, कुठली कुठली जुनी हवा, सकाळची, कालची, न जेवता झोपला त्या रात्रीची, थोडी थोडी निघत होती, रुकय्याने एक हात त्याच्या पोटावर ठेवला, पोट आत जात होतं, जायला हवं तेव्हा जात होतं, हूऊऊऊ, आवाज विरला तरी वारा येतच राहिला, तिच्या मनगटावर, गरम, औषधाच्या वासाचा, आणि पुढचा कंटेनर हातभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला

"मनिषा मॅडमला सांगू नकोस मी इतके दिवस उलटं करत होतो म्हणून."

एका दमात. घरातून निघाल्यापासूनचं पहिलं अख्खं वाक्य.

"सांगणार," रुकय्या म्हणाली. "पहिलं तेच सांगणार."

"बेशरम."

कल्पेशने गिअर टाकला. पूल अजून पुढे होता, नखं अजून जांभळीच होती, आणि ते एक वाक्य त्याला महागात पडलं होतं. खांदे पुन्हा वर चढू लागले.

"बोलू नका आता," ती म्हणाली. "नाकाने. मग हाक."