हात न लावलेली ताटली

बोलघेवडी म्हणून प्रयोगशाळेत तिला सगळे चिमणी म्हणत. त्या दिवशी ती मेंदूच्या पेशी वाढवलेल्या दोन ताटल्या घेऊन मार्गदर्शक मॅडमच्या टेबलाशी आली आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या.

तिचा दावा असा: मेंदूतली पेशी डिवचली की तिच्यात कॅल्शियम शिरतं, त्याची वर्दी थेट केंद्रकापर्यंत पोचते आणि तिथं निजलेलं एक जनुक जागं होतं. ते जागं झालं की केंद्रक हिरवं चमकेल, अशी सोय तिनं केली होती. सगळा प्रबंध त्या हिरव्या ठिपक्यांवर उभा होता.

"ही डिवचलेली, चमकतेय. आणि ही न डिवचलेली... मॅडम, हीपण चमकतेय. सगळं मुसळ केरात!"

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. खरंच होतं. दुसरी ताटली गुपचूप फेकून दिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. पोरगी ती आपल्या पायांनी घेऊन आली होती. मॅडमना तिचा फार अभिमान वाटला. पण कौतुक चेहऱ्यावर दिसू देतील तर त्या मॅडम कसल्या!

"उद्या माझ्यासमोर कर," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्टूल ओढून बसल्या. चिमणीनं उबदार कपाटातून ताटल्या काढल्या, सगळ्यांतलं जुनं पोषकद्रव हलकेच ओढून घेतलं आणि ताजं घातलं.

"हे काय?"

"उपाशीपोटी कामाला कशाला जुंपायचं? मी नेहमी आधी खाऊ घालते."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं माझे आई! ताजं द्रव पडलं तरी या पेशी खडबडून जाग्या होतात. न डिवचलेली म्हणतेस, तिलाच तू आधी डिवचतेस!"

मग नव्या ताटल्या आल्या. आदल्या दिवसापासून त्यांना हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. चिमणीचा जीव तीळ तीळ तुटला, पण तिनं पाळली.

डिवचलेली ताटली चमकली. न डिवचलेली काळी राहिली. तिसरीत पेशी डिवचल्या होत्या, पण कॅल्शियमची दारं औषधानं बंद केली होती. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. एकही ठिपका नव्हता.

"काय सुंदर काळोख आहे गं," त्या म्हणाल्या. "शाब्बास!"

"बघू ना मला!" चिमणी मागून उड्या मारत होती.

पण मॅडम काही केल्या जागा सोडेनात.