तेम्पुआचा गिअरबॉक्स

माक लोंगच्या घराशेजारी गाडी होती, पण तिच्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर कोंबडी बसली होती. ईदच्या सकाळी ते पाहून बदरुल अंगणातच थबकला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

माक लोंग म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच रबराच्या झाडांचा चीक काढून त्याला वाढवलं, शिकवलं. आता तो इपोह शहरात तेम्पुआ गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात काउंटरला बसायचा. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, दुरुस्तीचा खर्च सांगायचा आणि गिऱ्हाईक भडकलं की हसतमुख राहायचं, हे त्याचं काम. तेम्पुआला अख्खा मुलूख हसायचा. तिची काच एकदा खाली गेली की वर येईल याचा भरवसा नसे, म्हणून टोलनाक्यावर कुणी दार उघडून कार्ड लावायला लागला की मागचे म्हणत, आली तेम्पुआ. पण काचेचं दुखणं स्वस्तातलं. खरी गोम होती नव्या ऑटोमॅटिक मॉडेलच्या गिअरबॉक्समध्ये. तो तापला की गाडी थरथरायची आणि एक दिवस भर चढावर हात टेकायची. नवीन गिअरबॉक्सला सात हजार रिंगिट पडत. "नवी गाडी आहे, बसेल हळूहळू, असं सांगा," हे साहेबांनी काउंटरवाल्यांना पढवून ठेवलं होतं. बदरुल दिवसभर तेच सांगायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन गपचूप जेवायचा.

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता की प्रत्येकाने आपल्या नात्यातलं एक गिऱ्हाईक आणायचं. नेमका त्याच आठवड्यात माक लोंगचा फोन आला.

"काय रे, तुमची ती नवी गाडी घेऊ का? तू म्हणशील तर घेते."

"घे की. डोळे मिटून घे," बदरुल म्हणाला.

तिने खरोखरच डोळे मिटून घेतली. या पठ्ठ्याने मात्र बायकोच्या नावावर जुनी जपानी गाडी घेतली होती. आजही ती मशिदीमागच्या गर्दीत लावून तो उरलेली वाट पायी आला होता.

"गाडी झाकून का ठेवलीस?" त्याने घरात शिरताच विचारलं.

"धूळ बसते रे. आणि मला म्हातारीला जायचंय कुठे?" म्हणत ती मटणाच्या रेंडांगचं पातेलं ढवळायला स्वयंपाकघरात पळाली.

दुसऱ्या मावशीचा मुलगा रिझाल दाराशी केतुपातचं, पानात उकडलेल्या भाताचं, पान सोलत बसला होता. तो फिसकन हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची! बदरुल, ती चालत नाही रे. नाक्यावरच्या गॅरेजवाल्या आ कियोंगने गिअरबॉक्स खोलला, पैसे घेतले, आठवड्याने पुन्हा जैसे थे."

"मला का नाही कळवलं? वॉरंटीत फुकट झालं असतं!"

"मी हजारदा म्हटलं. पण ऐकेल ती माक लोंग कसली? म्हणाली, आपल्याच घरातून तक्रार गेली तर पोराच्या नोकरीवर येईल. गावात कळलं तर लोक त्याला नावं ठेवतील. बाजाराला सायकलने जाते. कुणी विचारलं तर सांगते, डॉक्टरांनीच सायकल चालवायला सांगितलंय."

बाहेर गिअरबॉक्स खोलला म्हणजे वॉरंटी संपली. हे वाक्य बदरुलला तोंडपाठ होतं, कितीतरी लोकांच्या तोंडावर त्याने ते फेकलं होतं. आज ते उलटून त्याच्याच तोंडावर आलं. त्याला वाटलं, असंच उठावं आणि मागच्या दाराने निघून जावं.

तेवढ्यात सगळ्यांना माडीवर बोलावलं. वडीलधारी ओळीने बसली आणि लहानांनी एकेकाच्या पुढ्यात गुडघे टेकून, हात कपाळाला लावून माफी मागायला सुरुवात केली. दरवर्षीचंच ते. मागणाऱ्यालाही ठाऊक नसतं की आपण कशाची मागतोय, आणि देणाऱ्याचं लक्ष असतं पुढच्या पोराला द्यायच्या ईदीच्या पाकिटाकडे.

बदरुलने माक लोंगचा हात कपाळाला लावला. "वर्षभरात माझं काही चुकलंमाकलं असेल तर…" इथपर्यंत आला आणि अडला.

"तुझं मेल्या काय चुकतंय?" तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "उलट मीच तुझी माफी मागते. तुझी गाडी मी बिघडवली रे. तू एवढी चांगली पाहून दिलीस, आणि माझे हे म्हातारीचे पाय! काहीतरी उलटसुलट दाबत असणार मी. माफ केलंस ना?"

आता त्याने फक्त 'असू दे' म्हणायचं होतं. मागे रांग खोळंबली होती, रेंडांगचा वास सुटला होता, आणि 'असू दे' म्हटलं की सगळं मिटत होतं. बदरुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडीच वाईट आहे, माक लोंग," तो म्हणाला. "तू नाही बिघडवलीस. मला ठाऊक होतं. तू फोन केलास तेव्हाही ठाऊक होतं."

माक लोंग रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली.

"आणि लतिफची?"

लतिफ मागच्या घरातला. गावातल्या पोरांना शाळेत पोचवून पोट भरणारा. माक लोंगच्या शब्दावर त्यानेही तेम्पुआच घेतली होती.

"तीही तशीच. गिअरबॉक्स तोच," बदरुल म्हणाला.

"रोज्यांच्या महिन्यात बंद पडली रे त्याची. पोरं रस्त्यात अडकली. तो मला विचारायला आला होता, तुमचीही अशीच करते का म्हणून. माझी तर खाली मरून पडलेली. आणि मी त्याला चारचौघांत म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं! गाडी चालवायला शिक आधी. माझी बघ कशी ठणठणीत आहे." तिने बदरुलचा हात सोडला. "तुझं नाव राहावं म्हणून म्हणाले. त्या दिवसापासून पोरांच्या आया त्याच्याकडे पोरं पाठवत नाहीत."

"मी जातो. मी सांगतो त्याला."

"तू तुझं सांग. माझं मला सांगायला हवं," म्हणत तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ती जिना उतरली. बदरुल खाली मान घालून मागोमाग निघाला.

लतिफ नवे कपडे घालून आपल्या पायरीवर उभा होता. माक लोंगला पाहताच तो लगबगीने पुढे झाला, रीतीप्रमाणे तिचा हात घ्यायला वाकला. तिने हात दिला नाही. ती वयाने त्याच्या आईपेक्षा मोठी. पण ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली, त्याचाच हात ओढून घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं.

"अहो, हे काय करताय!" लतिफ ओरडला. "बदरुल, अरे उठव त्यांना! बघतोस काय?"

उठवायला बदरुल कुठल्या तोंडाने पुढे होणार? तोही तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. लतिफचा दुसरा हात मोकळा होता, पण तो धरायची त्याची हिंमत झाली नाही.