सगळ्यांसाठी एकदाच लिहिलेली ओळ

मी एक ओळ बोलतेय. हसू नका. ओळीला तोंड कसलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत यावं आणि मी नव्हते तेव्हा इथं काय गोंधळ होता, ते राजाबाईला विचारावं.

मी कागदावर राहत नाही, कॉम्प्युटरच्या पोटात राहते. तिथं एक फाईल आहे. कुणीही आपलं नाव टाकून आत आलं, की कॉम्प्युटर आधी ती फाईल वाचतो आणि मगच माणसाला कामाला बसू देतो. त्या फाईलीत मी. माझं सांगणं एवढंच, की पॅटर्नची यादी नव्या कप्प्यात आहे, तिथून घ्या. एवढंसंच बोलते, पण सगळ्यांना बोलते. साहेब असो की कारकून, मला चुकवून कुणी आत जात नाही.

माझा जन्म अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरातला. कॉम्प्युटर त्याआधी उन्हाळ्यात आला. एक मोठी पेटी आणि तिला जोडलेले तीन पडदे. एक याद्या सांभाळणाऱ्या राजाबाईपुढं, एक मॅनेजर कृष्णातरावांपुढं आणि एक भरमाण्णापुढं. कुठल्या पॅटर्नवरून, म्हणजे लाकडी नमुन्यावरून, किती साचे करायचे, तो कागद छापून साचेखात्यात द्यायचा, हे भरमाण्णाचं काम. तिघांनाही यादी लागायची.

कॉम्प्युटर बसवायला पुण्याहून आलेला माणूस भर उन्हात टाय लावून आला होता. यादीचा कप्पा कुठला, हे रोज आत आल्यावर प्रत्येकानं स्वतः टाइप करायचं, असं त्यानं तीन चिठ्ठ्यांवर लिहून दिलं. "कायमचं नंतर करू," म्हणाला आणि गाडीत बसला. ते नंतर अजून उगवायचंय.

कॉम्प्युटरची तऱ्हा अशी, की तुम्ही टाइप केलेलं तो तुमच्यापुरतंच लक्षात ठेवतो, आणि तेही तुम्ही आत असेपर्यंत. बाहेर पडलात की विसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगा.

दसरा आला. लेथ, ग्राइंडर, भट्टीचा पंखा, सगळ्यांची पूजा झाली. त्या वर्षी कॉम्प्युटरचीही झाली. भरमाण्णानं पडद्याला झेंडूची माळ घातली आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीलाही हळदकुंकू लावलं. दिवाळीनंतर नवी यादी नव्या कप्प्यात आली, तशा नव्या चिठ्ठ्या निघाल्या. बाकी दोघांनी जुन्या फाडल्या. भरमाण्णा पूजेची चिठ्ठी कशी फाडणार? नवी त्यानं घडी करून खिशात ठेवली, आणि रोज सकाळी डोळ्यांसमोरची कुंकवाची वाचून भक्तिभावानं जुना कप्पा टाइप करत राहिला.

दोन्ही याद्यांत फरक एकाच वस्तूचा, पंपाच्या झाकणाचा. जुन्यात तीन भोकं, नव्यात चार. म्हणून महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. मग झाकणांचं काम आलं आणि चाळीस झाकणं तीन भोकांची ओतून निघाली.

यादी कुणाची? राजाबाईची. मग चूक कुणाची? कृष्णातरावांनी विचारही केला नाही. "राजाबाई, गुरुवारी दुसरी खेप ओतायचीय. त्यात चूक झाली तर तुम्ही परत पॅकिंगला."

राजाबाई निपाणीची. आई विड्या वळायची, ही तिच्याशेजारी बसून मॅट्रिक झाली. इथं तीन वर्षं पॅकिंगमध्ये गवत भरलं, टायपिंग स्वतःच शिकली, आणि आठ महिन्यांपूर्वी त्या खुर्चीवर बसली. कुणी बसवली नव्हती, बसली होती. ती उठणार होय?

तिनं दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, "मी चिठ्ठीतलंच टाकतो." खोटं कुणीच बोलत नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, की कोण काय टाकतंय यावर आपली खुर्ची टांगून ठेवायची नाही. तिनं कॉम्प्युटरचं इंग्रजी जाडजूड पुस्तक काढलं, शेजारी डिक्शनरी घेतली. दोन दिवस पानं उलटून डोकं उठलं, तेव्हा ती चहाला पॅटर्न करणाऱ्या मायाप्पा सुताराकडं गेली.

"आप्पा, रोज सांगायचं आणि रोज विसरायचं. ह्याला काय अर्थ?"

मायाप्पानं रंधा थांबवला. "आक्का, वाळूचा साचा एका ओतणीत मोडतोय. म्हणून कुणी रोज नवा पॅटर्न करतंय का? लाकडाचा एकदा केला, की त्याच्यावर वाटेल तेवढं साचं घ्या. तुमी साचंच करत बसलाय. पॅटर्न करा की."

राजाबाईनं चहा तसाच ठेवला. पुस्तकात सगळ्यांच्या वाटेवरच्या फाईलीचं पान होतंच, आता त्याचा अर्थ लागला. पण त्या फाईलीत लिहायला मुख्य परवलीचा शब्द लागायचा आणि तो कृष्णातरावांच्या डायरीत.

"तुम्ही लिहिणार?" ते म्हणाले.

"पुण्याचा माणूस येईपर्यंत थांबू का? सांगा, थांबते."

शब्द मिळाला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, भाकरीचा डबा बाजूला सारून तिनं मला लिहिलं. पहिल्यांदा मी अर्धीच होते. कप्पा कुठला, एवढंच. ती बाहेर जाऊन पुन्हा आत आली, तरी छापणारा प्रोग्रॅम विचारतोच, 'कप्पा सांगा.' मी ओरडून सांगत होते, पण आवाज फाईलीबाहेर जाईना. तिनं पुस्तक पुन्हा वाचलं. कप्प्याची नेमणूक केली, पण ती बाकीच्या प्रोग्रॅमना कळवायचा हुकूम राहिला होता. तो जोडला आणि मी पुरी झाले. काही टाइप न करता तिच्या पडद्यावर चार भोकं आली. नव्यानं आत आल्यावर कृष्णातरावांच्याही आली.

सुट्टी संपली. भरमाण्णानं कागद छापला आणि कृष्णातरावांनी तो वाटेतच बघितला. "तीन! बघा, तीनच भोकं! कुठंय तुमची ओळ? उद्यापासून पॅकिंग."

माझ्या आयुष्यातली ती पहिली घटका, आणि माझ्यामुळं तिची खुर्ची चाललेली. मला लाज वाटली. राजाबाईला मात्र वाटली नाही. "दोन मिनिटं, साहेब," म्हणाली आणि सरळ भरमाण्णाच्या टेबलापाशी गेली. पडद्यावर कुंकवाची चिठ्ठी. कीबोर्डावर निळा हातरुमाल.

"ही जुनी चिठ्ठी अजून इथं? आणि हा रुमाल कसला, भरमाण्णा?"

"जागा धरल्याली. निपाणीच्या गाडीत खिडकीतनं टाकतो न्हवं, तसं. बाहेर पडलं की परत आत याला लई वेळ लागतोय."

"म्हंजे सकाळपासनं कॉम्प्युटरात आतच हाईस? जेवायला जातानाबी बाहेर पडला न्हाईस?"

"रुमाल हुता की!"

आता सांगा, आत येताना मी भेटते. जो आधीच आत बसलाय आणि जेवायला जातानासुद्धा बाहेर पडत नाही, त्याला मी कुठं गाठू?

"बाहेर पड."

"पडलो."

"आता आत ये. आणि चिठ्ठीतलं काय बी टाकायचं न्हाई."

"पूजेच्या चिठ्ठीतलं बी न्हाई?"

"अजिबात न्हाई!"

भरमाण्णा हात जोडावेत तसे कीबोर्डापुढं धरून आत आला. मी त्याला सांगायचं ते सांगितलं. कागद निघाला. राजाबाईनं भोकं मोठ्यानं मोजली. "एक, दोन, तीन, चार. साहेब, तुमी बी मोजून बघा." कृष्णातरावांनी मोजून बघितली. पॅकिंगचं नाव पुन्हा निघालं नाही.

आज मला वर्ष झालं. पाहुणे आले की कृष्णातराव सांगतात, "आमच्या कॉम्प्युटरला सगळं आपोआप कळतं." आपोआप! हा शब्द ऐकला की माझं टाळकं सणकतं. राजाबाई त्यांच्यामागं उभी राहून नुसती खोकते.

यंदाच्या दसऱ्याला ती कुंकवाचं बोट घेऊन पडद्यापाशी आली आणि थांबली. "तुला कुठं लावू गं? आणि नकोच. भरमाण्णासारखं व्हायचं. यादी हलली की मी तुला पुसून दुसरी लिहिणार."

पूस बाई, खुशाल पूस. कायमची म्हणजे कुणी शहाणं माणूस बदलेपर्यंतची, एवढं मला कळतं. फक्त दुसरीला अर्धी सोडू नकोस, आणि तिला लिहायच्या आधी भरमाण्णाचा रुमाल उचल.