चुगलखोर काड्या

“एक वस्तू जाग्यावर ऱ्हाईल तर शप्पथ… कोण हात लावतंय, कुणाला ठावं…”

हरवलेलं टोपण करंगळीच्या पेराएवढं, काळ्या रबराचं होतं, आणि ते पुटपुटणाऱ्या गोमटेशच्याच सदऱ्याच्या खिशातून डोकावत होतं. सुरेखा त्याच्या कोपराशी फडकं घेऊन उभी होती. नवरा माशांच्या टाकीच्या निळ्या उजेडात वाकून स्टुलाखाली, मिठाच्या बादलीमागे शोधत होता. वाकला की टोपण थोडं पुढं सरकायचं, उठला की आत जायचं. आता पडेल… पडलं तर बरं, आपोआप सापडल्यासारखं होईल. ते काही पडेना. शेवटी तिनं त्याच्या सदऱ्यावरचा नसलेला डाग पुसला, पुसता पुसता टोपण काढलं आणि म्हणाली, “अहो, हे काय, माझ्या फडक्यात आलंय.”

“बघ. म्हंजे तूच,” तो म्हणाला आणि खूश झाला.

मीच. बरं. गेले सहा महिने घरातल्या सगळ्या चुका सुरेखाच करत होती, आणि त्याचं तिला काही वाटणंही बंद झालं होतं — दाढ काढताना सुई दिल्यावर गाल बधिर होतो तसं. गाल आपलाच, पण बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचा तरी.

सोफ्यावर आरिफ बसला होता. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान. सात वर्षांपूर्वी ही चार फुटांची समुद्राच्या पाण्याची टाकी त्यानंच बसवून दिली. उद्यमनगरात तीस वर्षं विजेच्या मोटारी रिवाइंड करून झाल्यावर गोमटेशनं समुद्र हॉलमध्ये आणला. जैनाच्या घरात मासे कसले, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा, “बघायला. खायाला न्हाईत,” एवढंच म्हणाला. आत मासे चारच, बाकी सगळी जिवंत प्रवाळं — फुलासारखी उमलणारी, रागावली की मिटणारी. गेल्या महिन्यात त्यातली तीन पांढरी पडली. आणि परवा टाकीच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा कंट्रोलर जळाला. व्होल्टेजनं, असं सगळे म्हणाले. कंट्रोलरवर बादली कुणी उपडी केली हे फरशी पुसणाऱ्या सुरेखाला माहीत होतं. पण व्होल्टेज, असं तीही म्हणाली.

नवा कंट्रोलर टीपॉयवर होता. त्याला सहा भोकं. प्रत्येकात एक वायर, वायरीच्या टोकाला पाण्यात सोडायची काडी — म्हणजे प्रोब. कुठल्या काड्या खरोखर लागतात, एवढंच आज ठरवायचं होतं.

“आई, सगळे घे,” फोनच्या स्पीकरवरून केतन पुण्याहून बोलत होता. “सगळं लाइव्ह मला मोबाइलवर दिसणार. काय कमीजास्त झालं की मला लगेच अलार्म.”

तिथंच तर सगळं अडलं होतं.

“ही टेंपरेचरची,” आरिफ एकेक काडी मांडत म्हणाला. “हीटर बिघडला की कळतंय.” ही चालेल, सुरेखानं मनात एका बाजूला ठेवली; हीटर बिघडला तर हीटरची चूक. “ही खारटपणाची…” ही नको. टाकीतलं उडालेलं पाणी भरताना साधं पाणी घालायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं — हे तिला गोमटेशनंच शिकवलं होतं, वर्गात मास्तरांनी सांगावं तसं, दोन-दोनदा. आणि आता तोच रोज सकाळी खारं पाणी कालवून ओतत होता. ही काडी पहिल्या दिवशीच ओरडेल. पीएचची? सोड्याचं औषध दिवसातून एकदा द्यायचं. त्यानं तीनदा दिलं की तीही बोलणार. चौथीचं नाव तिला कळेना.

“ही काय बघतिया रे?”

“पाण्यात खाणं सडलं की हिचा आकडा पडतोय, काकू.”

म्हणजे मासे किती वेळा जेवले तेसुद्धा.

…जेवण. सुरेखाच्या डोळ्यांपुढं ताट आलं. दिवस मावळल्यावर गोमटेशनं उभ्या जन्मात तोंडात घास घेतला नव्हता. तापातसुद्धा नाही, केतनच्या लग्नात वरात उशिरा पोचली तेव्हाही नाही. आणि मागं एक दिवस, दिवे लागून तास झाला असताना, पाटावर येऊन बसला — वाढ की. साडेपाचला दोघं जेवली होती. खिडकीत काळोख होता, त्याला तो दिसत नव्हता. सांगितलं असतं तर त्याचं काय झालं असतं… तिनं भाकरी वाढली. आमटी गरम केली. पडदा ओढला. त्याचा नेम मी मोडला, माझ्या हातानं, आणि मला रडूसुद्धा आलं नाही. आमटीत मीठ जास्त झालंय का, एवढंच मी विचारलं.

लक्ष्मीपुरीत भाजीला गेलेला तो पार शहराबाहेर, गडमुडशिंगीला सापडला, तेव्हाही कुणी काही म्हणालं नाही. “पावणं भेटलं असतील,” असं सोडायला आलेला रिक्षावालाच म्हणाला. बिचारा.

“एक टेंपरेचरची घेऊ,” सुरेखा म्हणाली. “बाकीच्या कशाला? आमच्या लहानपणी…”

“आई, तुझ्या लहानपणी टाकी होती का?” केतन.

“काकू, खारटपणाची तरी घ्या की,” आरिफ काडीकडे बघत म्हणाला, तिच्याकडे न बघता. “ह्या बारीला मीठच जरा… कंपनीचंच खराब आलं असंल.” आठवड्यात तीन बादल्या मीठ नेलं होतं गोमटेशनं त्याच्याकडून, दोन आरिफनं, चुकून जास्त आल्या म्हणत, परत नेल्या होत्या. तोही जाणत होता. जाणणाऱ्यांची एक रांगच उभी होती जणू, प्रत्येकजण पुढच्याच्या पाठीकडे बघत.

“मीठ खराब हाय,” सुरेखा म्हणाली.

“व्हय की. ऊनबी लई हाय औंदा,” आरिफ म्हणाला.

“मग कंपनी बदलू,” केतन म्हणाला. “बाबा, तुम्ही सांगा. टाकी तुमची. कुठले प्रोब पाहिजेत?”

गोमटेश टाकीसमोर स्टुलावर बसला होता. काचेला त्यानं तळवा लावला होता. आतला पिवळा मासा, खाणं मिळेल म्हणून, त्या तळव्यासमोर येऊन थांबला होता.

“आरिफ, उचल बाबा ती काड्यांची मोळी,” तो म्हणाला. आवाज साधा होता, वर्कशॉपमध्ये जळालेली मोटार उघडून गिऱ्हाइकाला सांगायचा तसा. “मिठाला काय झालं न्हाय. व्होल्टेजला न्हाय. केतन, ऐकायलास न्हवं? माझं डोस्कं गळायला लागलंय. पाणी घातलं का न्हाय, ते मला आठवत न्हाय. जेवलो का न्हाय, तेबी न्हाय. तुझी आई झाकतीया, म्हणून मीबी गप होतो… तिला बरं वाटतंय म्हणून.”

आरिफ काड्या गोळा करू लागला.

मला बरं वाटतं म्हणून? सुरेखा जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं — किती दिवस? सगळं नाही, पण झाकतेय एवढं तरी… आणि मी एकटीच चोरासारखी, ह्यांच्यापासून ह्यांनाच लपवत… तिला वाटलं, आता रडू येईल. आलं ते रडू नव्हतं. राग होता. सणसणीत, कानाच्या पाळीपर्यंत चढणारा, तिचा स्वतःचा राग. आणि सहा महिन्यांनी काहीतरी दुखतंय, हे तिला इतकं स्पष्ट कळलं, की ती भिंतीला हात टेकून तसंच ते दुखू देत राहिली.