बरक्याच्या फ्रीझरमधला मिडविंटर

यशवंत गजभिये जन्मात एकदाच दक्षिण ध्रुवाकडे गेले होते, पण ते तिथून परत आले असं त्यांच्या बायकोला, लीलावतीला, कधीच वाटलं नाही. भारताच्या संशोधन तळावर जनरेटर सांभाळत त्यांनी अख्खा हिवाळा काढला आणि पुढची आठ वर्षं तोच हिवाळा लोकांना पुरवून पुरवून सांगितला. आता ते ओमानात, बरका नावाच्या गावी, मासळीच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर होते. तळावर एकवीस जूनला, दोन महिन्यांच्या रात्रीच्या मध्यावर, मेजवानी असायची. म्हणून इथंही त्या दिवशी, बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना, ते उणे अठराच्या खोलीत सुरमईच्या खोक्यांवर चादर अंथरून मिडविंटर साजरा करत. माणसं हसत, पण येत. जूनमध्ये फुकटची थंडी कोण सोडेल?

१९९८ साली मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. अठ्ठावीस जूनला नागपुरात त्यांच्या मुलीचं, तृप्तीचं, लग्न होतं आणि रजेच्या अर्जावर अर्बाबची, म्हणजे मालकाची, सही काही होत नव्हती. म्हणून या खेपेला त्यांनी अर्बाबलाच आवतण दिलं. तळावरची प्रथाही तिखटमीठ लावून सांगितली. त्या दिवशी म्होरक्या वाढपी होतो, सगळ्यांत खालचा माणूस साहेब होतो आणि त्या साहेबाचा शब्द सूर्य उगवेपर्यंत मोडता येत नाही. अर्बाब खूश झाला की कागद पुढे सरकवायचा, एवढाच त्यांचा बेत होता.

अर्बाब खूश झाला, जरा जास्तच झाला. त्यानं पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर दोन स्वेटर चढवले, एप्रन बांधला आणि बिर्याणी वाढू लागला. ताटात पडेपर्यंत ती गार होत होती. यशवंतरावांनी हळूच अर्ज काढला.

"अरे, आज मैं बावर्ची," अर्बाब पळी उंचावून म्हणाला. "बावर्ची सही नहीं करता. अर्बाब उधर बैठा है."

उधर, पोत्यानं झाकलेल्या खोक्यावर, कानटोपी घालून हुसैनमियाँ बसले होते. दापोलीकडचे, बावीस वर्षं मासळीची खोकी उचलणारे. यशवंतरावांनी हसत हसत अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

हुसैनमियाँनी तो सावकाश वाचला, पेन कागदावर दोनदा आपटलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ."

सगळे खो खो हसले. यशवंतरावांना मात्र त्या थंडीत घाम फुटला. पेन आपटायची लकब त्यांची स्वतःची होती आणि वाक्यही त्यांचंच. हुसैनमियाँचा रजेचा अर्ज दोन वर्षं त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. त्यात नूरबानूचं, हुसैनमियाँच्या लेकीचं, लग्न लिहिलेलं होतं. खाली फक्त सुपरवायझरची सही हवी होती, पण खोकी कोण उचलणार म्हणून त्यांनी ती केली नव्हती. ते लग्न बापाशिवाय उरकलं. आता नूरबानूला मूलही झालं होतं.

यशवंतरावांना स्वतःची लाज वाटली. ते धावत ऑफिसात गेले आणि तो जुना अर्ज घेऊन आले. सही करायला गेले तर पेनमधली शाई गोठलेली. मग ते पेन काखेत धरून सगळ्यांसमोर उभे राहिले, दात वाजत असताना. कोणी हसलं नाही. शेवटी पेन चाललं.

"चुकलं माझं, मियाँ."

हुसैनमियाँनी आपला कागद घडी करून खिशात घातला आणि यशवंतरावांचा पुढे ओढला. "लेकीचा लगीन हाय. बापूस नको काय तिथं? माजा चुकला, तुमचा नको चुकूला." त्यांनी झोकात सही ठोकली.

दार उघडून सगळे बाहेर आले. ऊन तव्यासारखं तापलं होतं. अर्बाबच्या चष्म्यावर वाफ धरली. एप्रन सोडता सोडता त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"दोनो जाएगा? फिर मछली कौन उठाएगा?"

यशवंतरावांनी सही झालेला अर्ज छातीशी धरला. हुसैनमियाँचा हात खिशावर गेला.

अर्बाबनं चष्मा पुसला. "गजभिये, तुम्हारे उधर बर्फ में सूरज कब निकलता है?"

"जुलाई के आखिर में, अर्बाब."

अर्बाबनं डोळे बारीक करून वर, भर दुपारच्या सूर्याकडे, पाहिलं.

"खलास," तो एप्रन पुन्हा बांधत म्हणाला. "अभी रात है." आणि त्यानं पहिलं खोकं उचललं.